अठ्ठावीस डीबी दुष्काळ

मौजे सातविहीर येथील सातही विहिरी कोरड्या पडल्या आहेत, हे ग्रामपंचायतीने ठराव क्रमांक नऊ अन्वये एकमताने मान्य केलं आणि त्याच ठरावाच्या दुसऱ्या परिच्छेदात मला रिकामा कर्मचारी म्हणून घोषित केलं. मी संगप्पा, पंचायतीचा नळ सोडणारा. बावीस वर्षं टाकीचा वॉल्व्ह मी फिरवला. वरच्या आळीला आधी की खालच्या आळीला आधी, यावरून गावातल्या प्रत्येक घराने माझ्या बापाचा उद्धार निदान एकदा तरी केलेला आहे. पण त्या उन्हाळ्यात, म्हणजे लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात, वॉल्व्ह उघडला की नुसता फुसफुस आवाज यायचा. तरी मी रोज सकाळी सहाला जाऊन तो फिरवत होतो. हजेरी लागायची ना!

माझी बायको बसम्मा रोज तीन किलोमीटरवरच्या एका बोअरवरून दोन घागरी आणायची. आली की उंबऱ्यात घागर आदळायची आणि म्हणायची, "नळवाल्याची बायको मी! लोक हसून राहिलेत मला." गावाच्या शिव्या मी बावीस वर्षं खाल्ल्या, पचवल्या. पण ती आदळलेली घागर काही पचायची नाही.

टँकर मागणं तसं अवघड नव्हतं. अर्ज करायचा, टँकर यायचा. आम्ही कागदावर अर्ज लिहून तालुक्याला नेला, तर तिथल्या बाबूने तो एका बोटाने परत आमच्याकडे सरकवला. "कागद बंद झालेत. ऑनलाइन टाका." दोन वर्षांपूर्वी आमचे ग्रामसेवक रामकिशन भाऊसाहेब एवढ्यासाठी लातूरला गेले होते आणि एका नेट कॅफेत बसून त्यांनी अर्ज टाकला होता. चौथ्या दिवशी टँकर आला आणि त्या नेट कॅफेच्या दारात उभा राहिला. अर्ज जिथून निघतो तिथेच टँकर जातो, असा नियम असल्याचं मागाहून कळलं. त्या कॅफेवाल्याने आठ दिवस गल्लीतल्या सगळ्या स्कूटर धुतल्या म्हणतात.

तेव्हा अर्ज गावातूनच जायला हवा होता. मोबाईलवर गावात नुसतं बोलणं व्हायचं, नेट नव्हतं; पण केबलची सोय झालेली होती. दीड वर्षापूर्वी रस्त्याच्या कडेने चर खणून अकरा किलोमीटर काळी केबल पुरली गेली. पंचायतीच्या भिंतीवर पांढरा डबा बसला. सरपंच कोंडाबाईंनी नारळ फोडला, फोटो निघाला, आणि डबा बसवणारे लोक खोबरं खाऊन गेले ते गेलेच. डब्यावर एक लाल दिवा लुकलुकायला लागला, त्याच्याखाली इंग्रजीत 'लॉस' असं लिहिलेलं होतं. आम्ही वर्षभर समजत होतो की नेट आलंय. कोंडाबाई तर दिवेलागणीला त्या दिव्याला हात जोडायच्या.

नेट आलेलंच नाही हे कळल्यावर भाऊसाहेबांनी तक्रारीचा नियम शोधून काढला. "केबल बंद असल्यास त्याबाबतची तक्रार ऑनलाइन नोंदवावी." त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि मग माझ्याकडे कागद देऊन म्हणाले, "संगप्पा, तू वाच बरं. माझंच काही चुकून राहिलंय का बघ."

अशा वेळी शासन माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. आठच दिवसांत पत्र आलं की प्रत्येक गावातून एक 'फायबर चाचणी मित्र' तयार करायचा आहे, त्याने लातूरला तीन दिवस प्रशिक्षण घ्यावं, केबल तपासायला शिकावं आणि बिघाड शोधावा. पात्रता एकच होती: उमेदवार रिकामा असावा.

"तुझं नाव टाकून राहिलो," भाऊसाहेब म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं, साहेब? मी सातवी नापास हाय."

"अरे, नळीच तर हाय ती! तुझ्या नळीतून पाणी जातंय, तिच्यातून उजेड जातोय. कुठं गळतंय ते बघायचं, संपलं."

कोंडाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "जा रं बाबा. ज्या नळीतून काही येत न्हाई, तिच्यापाशी बसायची सवय तुझ्याएवढी कुणाला हाय?"

प्रशिक्षण लातुरातल्या एका शिकवणी वर्गात होतं. लातुरात शिकवणीला दगड बसवला तरी त्याचा नंबर लागतो, असं म्हणतात. आम्ही तर चाळीस माणसं होतो, कुणी शिरूर अनंतपाळचा, कुणी लोह्याचा. येताना प्यायचं पाणी ज्याने त्याने आणावं, अशी पत्रात तळटीप होती. अण्णाराव सर एरवी पोरांना डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवायचे, तेच आम्हाला शिकवणार होते. आल्या आल्या त्यांनी प्रत्येकाच्या हातात दोनशे प्रश्नांची वही दिली.

"हे दोनशे पाठ करा. यातलेच पन्नास येतील. माझा रिझल्ट शंभर टक्के लागतो."

मी हात वर केला. "सर, तार बघायला मिळंल का?"

"तार कशाला पाहिजे?"

"तपासायची हाय ना."

"प्रश्न क्रमांक सतरा बघा. 'तार तुटल्यास काय करावे?' उत्तर ड, वरीलपैकी सर्व. झालं की तपासून!" सरांनी फळ्यावर ड लिहून त्याला गोल केला. चाळीस जणांनी वहीत ड लिहून गोल केला.

तपासायचं मशीन मात्र होतं. ते मागच्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेलं होतं आणि त्याला रोज उदबत्ती लागत होती. आम्ही दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून त्याच्याबद्दलचे प्रश्न पाठ केले. मला झोप येईना. प्रमाणपत्र घेऊन गेलो आणि डबा तसाच लाल राहिला, तर बसम्माला काय सांगणार होतो? वरीलपैकी सर्व?

तिसऱ्या दिवशी सकाळी सर डोकं धरून बसलेले. त्यांच्या टाकीत भरलेलं पाणी सकाळपर्यंत अर्धं व्हायचं, आणि तीन प्लंबर येऊन भिंत फोडून गेले तरी गळती सापडली नव्हती. मी पाइपाला कान लावत जिना उतरलो, पाचव्या पायरीला थांबलो आणि बोट ठेवलं. "हितं." फोडलं तर तिथेच. सर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच त्यांच्या वर्गात पहिला आलोय. "तुम्ही चला," म्हणाले, आणि कपाटाची किल्ली काढली.

त्या एका तासात मी जे शिकलो ते दोनशे प्रश्नांत नव्हतं. काचेचा केसाएवढा धागा, त्यातून उजेड धावतो. मशीन उजेडाची एक थाप मारतं आणि परत काय येतं ते ऐकतं, मी पाइपाला कान लावतो अगदी तसंच. पडद्यावर उतरती रेघ दिसते, आणि जिथे धागा दुखावलाय तिथे रेघ धाडकन खाली पडते. किती मीटरवर ते खाली लिहून येतं. दुसरा एक हातात मावणारा मीटर होता, तो सांगायचा की वाटेत उजेड किती वाया गेला. त्याला म्हणायचं लॉस, आणि तो मोजायचा डीबीत. "धाग्याच्या तोंडात कधी डोळा घालू नका, तोंड पुसल्याशिवाय जोडू नका," सर म्हणाले. मग त्यांनी पिवळी बारीक तार बोटाला गुंडाळली आणि मीटरवरचा लॉस भराभरा चढला. "वाकवलं की उजेड बाहेर सांडतो. सरळ केलं की परत चालू."

"म्हणजे वॉल्व्हच की हो, सर!" मी ओरडलो. आनंदाने मला नाचावंसं वाटलं. सरही हसायला लागले. ते म्हणाले, दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी काही शिकवल्यासारखं वाटलं.

परीक्षेत मला पन्नासपैकी पंधरा पडले. तरी सरांनी सही घेऊन मशीन आणि मीटर माझ्या हवाली केलं.

गावात आलो, डब्याची तार काढली, तोंड पुसलं, मशीनला जोडली. भाऊसाहेब, कोंडाबाई आणि अर्धं गाव भोवती उभं. रेघ निघाली, थोडी उतरली, आणि धाडकन पडली. आठशे बारा मीटर. मीटरवर लॉस अठ्ठावीस डीबी. मी टेप घेऊन रस्त्याच्या कडेने आठशे बारा मीटर चालत गेलो, तर पुढ्यात दगड. नवा कोरा, पांढऱ्या रंगाचा, वर लाल पट्टा. हद्दीचा दगड.

इथे नव्या जिल्ह्याबद्दल सांगितलं पाहिजे. लातूरचे थोडे आणि नांदेडचे थोडे तालुके कापून एक जिल्हा होऊ घातला होता. होऊ घातला होता म्हणजे झालेला नव्हता. पण जिल्हा यायच्या आधी त्याचे दगड आले होते, आणि दगड पुरणाऱ्यांनी आमच्या शिवेवरचा दगड नेमका केबलवर पुरला होता. केबल तुटली नव्हती. दगडाखाली कोपरासारखी वाकून पडली होती. अलीकडे नवा जिल्हा, पलीकडे जुना, आणि उजेड मध्येच सांडत होता.

पहारीने एक हिसडा दिला असता तर काम झालं असतं. पण भाऊसाहेबांनी माझा हात धरला. "वेडा झाला का? हद्दीचा दगड हाय तो. तू बोटभर सरकवलास तर जिल्हा बोटभर सरकतोय. कैद होईल. आधी अहवाल दे."

अहवाल होऊ घातलेल्या जिल्ह्याच्या कार्यालयात द्यायचा होता. तालुक्याच्या गावी एका बंद पडलेल्या डाळ मिलच्या गोदामावर 'जिल्हा कार्यालय (प्रस्तावित)' अशी पाटी होती. आत एक टेबल आणि टेबलामागे महादेवप्पा नावाचा कारकून. बाकीचा जिल्हा अजून यायचा होता, म्हणून जमीन, दुष्काळ, केबल, जन्म आणि मृत्यू हे सगळं महादेवप्पाच बघायचा.

"कशाचं नुकसान?" त्याने अहवालातला 'लॉस' वाचून विचारलं.

"फायबरचं."

"मराठीत सांगा. नव्या जिल्ह्याचा कारभार शंभर टक्के मराठीत चालणार हाय." त्याने शब्दकोश काढला. "फायबर, फायबर... हां, तंतू." मग एक रजिस्टर उघडलं. त्यात 'तंतू पिके' म्हणून एक पान होतं. कापूस, अंबाडी, ताग. त्याखाली त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: फायबर, काळे.

"जिरायत का बागायत?"

"साहेब, केबल हाय ती. चरात पुरलीय."

"पुरली म्हणजे पेरली. पाणी दिलं होतं का कधी?"

"न्हाई."

"जिरायत. नुकसान किती?"

"अठ्ठावीस डीबी."

"डीबी म्हणजे?"

मी तोंड उघडलं. सरांच्या वहीत हा प्रश्न एक्केचाळिसावा होता आणि त्याचं उत्तर क होतं, एवढंच मला आठवत होतं. "क," मी म्हणालो.

महादेवप्पाने पेन कानाला लावून विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "दुष्काळ बाधित! डी, बी. सरळ तर हाय. अठ्ठावीस, दुष्काळ बाधित. म्हणजे आणेवारी अठ्ठावीस पैसे. पन्नासच्या आत हाय की!"

पीक किती आलं ते पैशांत मोजतात, तीच आणेवारी. पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ, वर राहिली की सुकाळ. आमच्या गावाची आणेवारी साहेबलोकांनी गाडीत बसूनच, नजर पाहणी करून, एक्कावन्न पैसे काढली होती. एका पैशाने आम्ही सुकाळात राहत होतो.

"आवं, पण आमच्या गावाला प्यायला पाणी न्हाई," मी म्हणालो.

"गाव एक्कावन्न पैसे हाय. गावाला काय धाड भरलीय?" महादेवप्पाने शिक्का मारला. "बिचाऱ्या फायबरचं बघा."

चौथ्या दिवशी सकाळी टँकर आला. बारा हजार लिटर! चालकाचं नाव केरबा. त्याच्या खिशात आदेश होता: 'मौजे सातविहीर येथील बाधित तंतूस प्रतिदिन एक टँकर पाणी, गावापासून आठशे बारा मीटर अंतरावर, दगडालगत सोडावे. सदर पाणी माणसांनी अथवा जनावरांनी वापरल्याचे आढळल्यास कारवाई करण्यात येईल.'

"मी तर दगडावर ओतणार," केरबा म्हणाला. "मला फोटो पाठवावा लागतोय."

गाव घागरी घेऊन रस्त्यावर धावलं होतं, ते जागच्या जागी थबकलं. माझ्या डोळ्यांसमोर बारा हजार लिटर पाणी एका दगडाच्या पायात मुरणार होतं. अशा वेळी भाऊसाहेबांची नोकरी कामाला आली. तीस वर्षं आदेश वाचलेला माणूस तो. त्यांनी कागद परत एकदा वाचला आणि बोट ठेवलं.

"पाणी तंतूलाच घालायचं हाय. पण एकदम का घागरीनं, ते लिहिलेलं न्हाई. ह्या बायका तंतूला पाणी घालायला म्हणून घागरी भरून नेतील. कधी घालायचं, तेही लिहिलेलं न्हाई."

केरबाने डोकं खाजवलं, एक तांब्या दगडावर ओतला, फोटो काढला आणि पाइप बायकांकडे दिला. काय तो गोंधळ! बसम्माने दोन घागरी, एक बादली आणि पिठाचा डबा भरला. त्या दिवशी तिने घागर आदळली नाही, हळूच ठेवली. संध्याकाळी दगडाला शेंदूर लागला. चौथ्या दिवशी तिथे नारळाचं दुकान आलं. लोक सकाळी भेटले की 'जेवण झालं का' विचारायचं सोडून विचारायला लागले, "आप्पा, आज किती डबी?" डीबी हा शब्द गावाच्या तोंडात बसत नव्हता. मी सांगायचो, अठ्ठावीस. मग सगळे समाधानाने मान हलवायचे.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'बाधित तंतूची पाहणी उद्या करण्यात येईल. पाणी देऊनही सुधारणा नसल्यास पाणी वाया जात असल्याचे गृहीत धरून टँकर बंद करण्यात येईल. तंतू पूर्णपणे सुधारल्यास दुष्काळ संपल्याचे गृहीत धरून टँकर बंद करण्यात येईल.'

भाऊसाहेबांनी पत्राच्या पाठीवर हिशोब मांडला. मिरगाला अजून दीड महिना होता. तोवर फायबर बरंही व्हायला नको होतं आणि मरायलाही नको होतं. "दर पाहणीला दोन डीबी उतरला पाहिजे. उद्या सव्वीस. जमंल का?"

"दगड हलवावा लागंल."

"हलव. पण बोटभरच. बोटभर जिल्ह्यानं काय होतंय?"

मी दगडापाशी गेलो, हात जोडले आणि पहार घालून बोटभर सरकवला. खालून टक्‌ असा आवाज आला. लगेच मोबाईल वाजला. भाऊसाहेब पंचायतीतून बोलत होते, पण आवाज असा की घरात कुणी गेलंय. "संगप्पा... हिरवा झाला रं."

"काय?"

"दिवा हिरवा झाला! तीन डीबी! आटोपलं सगळं!"

दीड वर्षं ज्या हिरव्या दिव्याची आम्ही वाट बघितली, तो लागला आणि आम्ही दोघं रडायच्या बेताला आलो. मी दगड परत मागे रेटला, आणखी रेटला, कमरेत उसण भरली. पण केबल सरळ झाली ती झालीच. पळत पंचायतीत आलो. भाऊसाहेब म्हणाले, नेट चालूच झालंय तर माणसांसाठी सरळ अर्ज तरी टाकून बघू. टाकला. चुटकीसरशी उत्तर आलं: 'आपल्या गावाच्या नावात सात विहिरी असल्याने टँकर अनुज्ञेय नाही.' ज्या अर्जासाठी मी लातूरला जाऊन उजेड शिकून आलो, त्याचं उत्तर हे असं आधीच लिहून ठेवलेलं होतं. मला इतका संताप आला की डबा भिंतीवरून उपटून फेकावा वाटला. आता आमच्याजवळ फक्त फायबरचा दुष्काळ उरला होता, आणि तोही मी माझ्या हाताने घालवला होता.

घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. बसम्माला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती.

"चालू झाला तर बंद करा की!" ती म्हणाली. "बावीस वर्षं खालच्या आळीचा नळ बंद करताना जीव अडला न्हाई तुमचा. आता काय झालं?"

मी ताडकन उठलो. खिशात चुन्याची डबी होती, ती काढली आणि तसाच पंचायतीकडे सुटलो. भिंतीवरच्या डब्यात जाणारी पिवळी बारीक तार चुन्याच्या डबीला गुंडाळली. एक वेढा, नऊ. दोन वेढे, सतरा. तीन वेढे, पंचवीस. मग वॉल्व्हला शेवटी देतो तसा नाजूक अर्धा पिळा दिला. सव्वीस. दिवा लाल झाला. भाऊसाहेबांनी मला मिठी मारली आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या लोकांना ओरडून सांगितलं, "दुष्काळ परत आला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीरभद्र साहेब आले. प्रस्तावित जिल्ह्याचे प्रस्तावित अधिकारी. त्यांनी शेंदूर लावलेला दगड पाहिला, ओल पाहिली (ती आम्ही अर्ध्या तासापूर्वी केली होती), आणि मीटर पाहिला. सव्वीस. अंतराच्या रकान्यात मी मागचंच आठशे बारा उतरवलं. सरकारात मागचं उतरवण्याला सातत्य म्हणतात.

"पाणी मानवलंय याला," साहेब म्हणाले. "प्रगती समाधानकारक हाय. आता हा अहवाल ऑनलाइन टाका. आत्ता, माझ्यासमोर."

केबल बंद असल्याचा अहवाल बंद केबलमधून पाठवायचा होता. नाही पाठवला तर टँकर बंद. पाठवला तर केबल चालू, म्हणजे टँकर बंद. कोंडाबाईंनी लाल दिव्याला हात जोडले. दाराबाहेर बसम्मा रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं.

"साहेब, दोन मिनिटं पाठ फिरवून चहा घ्या," मी म्हणालो. "तंतूला माणसांची नजर लागतीय."

साहेबांनी खरंच पाठ फिरवली. मी डबीचे वेढे सोडले. हिरवा दिवा लागला. भाऊसाहेबांनी घाईघाईने कळ दाबली: 'तंतू बाधित. नेट बंद. टँकर सुरू ठेवावा.' गेलं! मी वेढे परत घालायला लागलो, तेवढ्यात साहेब वळले. त्यांनी आधी हिरवा दिवा बघितला, मग माझा हात, मग हातातली डबी.

साहेबांनी शांतपणे हात पुढे करून डबी घेतली, उघडली, नखावर चुना काढला, तंबाखूला लावून मळला आणि डबी परत माझ्या तळहातावर ठेवली.

"चुना बरा लावता तुम्ही," म्हणाले. गाल फुगवून तंबाखू सारली. "माझ्या जिल्ह्यातली पहिलीच योजना हाय ही. पडली न्हाई पाहिजे. फक्त एक ध्यानात ठेवा. अहवालाशिवाय या तारेतून काही बाहेर गेलेलं कुणाच्या नजरेस आलं, तर तार चालू धरावी लागंल. मग त्याच दिवशी टँकर बंद. मीही काही करू शकणार न्हाई."

मिरग कोरडा गेला. आज सोळा डीबी आहे, टँकर चालू आहे, बसम्मा दोन घागरी भरून आत्ताच आली. आणि मी मात्र एक चूक करून राहिलोय. बावीस वर्षं नळ सोडला, कुणी कधी बरं म्हटलं नाही; निदान ही विद्या आपल्याला आली, हे कुठेतरी कुणालातरी कळावं असं वाटलं. म्हणून डबीचे वेढे सोडून ही हकीकत त्याच तारेतून तुमच्याकडे पाठवली. तुम्ही वाचली, म्हणजे ती पोचली, म्हणजे तार चालू आहे, हे आता तुम्हाला माहीत झालं. आमच्या साडेसहाशे माणसांचं पाणी तुमच्या तोंडात आहे.

पण मला तशी धास्ती नाही. तुम्ही फक्त गप्प राहायचं आहे. आमच्या पाण्याबद्दल इतकी वर्षं तुम्ही वाचत आलात आणि कुणाला एका शब्दाने बोलला नाहीत. तसंच याही वेळी करा. तुम्हाला जमतं ते.